लाइट आली तरी मेल अडकलेलाच: एफटीएन नोडच्या नोंदी तपासण्याचा क्रम

परभणी, हिंगोली, बीड अशा ठिकाणी घरच्या जोडणीवर बीबीएस (टेलनेटने लॉगिन करायचा संदेशफलक) चालवणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे. दुपारी दोन तास लाइट जाते, परत येते. रास्पबेरी पाय आपोआप सुरू होतो, टेलनेटने लॉगिन होते, मेन्यू दिसतो. पण एकोमेल (जाळ्यातल्या बीबीएसांत फिरणारे चर्चेचे संदेश) बाहेर जात नाही, किंवा जातो आणि हबकडून, म्हणजे आपला मेल पुढे नेणाऱ्या यंत्राकडून, काहीच येत नाही. इथे बहुतेक सिसॉप (बीबीएसचे चालक) लगेच नोडच्या नोंदीत, म्हणजे एफटीएन (फिडोनेट पद्धतीचे मेलचे जाळे) यातल्या आपल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, हात घालतात. पासवर्ड बदलतात, पोर्ट बदलतात, पत्त्याला डोमेन जोडतात. मूळ बिघाड एक होता, त्याचे तीन होऊन बसतात.

काल चाललेली नोंद लाइट गेल्याने बिघडत नाही. म्हणून लाइट गेल्यावर काय काय मोडते ते आधी पाहायचे आणि नोंदीला शेवटी हात लावायचा. नवीन नोड असेल, एकदाही मेल आला-गेला नसेल, तर मात्र थेट ‘नोंद चार ठिकाणी असते’ या भागाकडे जा.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे. हब छत्रपती संभाजीनगरात, पत्ता ९९:१००/१ (झोन:नेट/नोड). तुमचा नोड परभणीत, पत्ता ९९:१००/२१. मेलर (दुसऱ्या नोडला कॉल करून फाइली देणारा-घेणारा प्रोग्राम) बिंकडी, टॉसर (आलेला मेल उलगडणारा आणि जाणारा मेल बांधणारा प्रोग्राम) हस्की या संचातला एचपीटी. मिस्टिक किंवा सिंक्रोनेट हे बीबीएस सॉफ्टवेअर वापरत असाल तर पडदे वेगळे दिसतील, पण आतले दुखणे तेच असते. इथे आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत आहेत. तुमच्या फाइलीत ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच हवीत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण फोनच्या मराठी कळफलकावरून कॉन्फिग सुधारताना पत्त्यात देवनागरी ‘१’ शिरतो. डोळ्याला ओळ बरोबर दिसते, पण मेलरला तो आकडा वाटतच नाही.

आधी लॉग

बिंकडीची लॉग पातळी ४ ठेवा आणि हबला एकदा हाताने पोल करा, म्हणजे कॉल करून मेल द्या-घ्या. छोटा ‘पी’ म्हणजे काम संपले की बाहेर पड, मोठा ‘पी’ आणि त्याला लागून पत्ता म्हणजे या नोडला कॉल कर. दोन्ही एकाच आज्ञेत द्या आणि लॉगच्या शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. त्यातून तीनपैकी एक चित्र दिसते.

कॉल लागतच नाही, कनेक्शन नाकारले किंवा वेळ संपली असे दिसते: दोष जोडणीत, डीएनएसमध्ये किंवा हबच्या यंत्रात. कॉल लागतो पण पासवर्डवर तुटतो: दोष नोंदीत. कॉल लागतो, पासवर्ड-संरक्षित सेशन (एमडी५) अशी ओळ दिसते, सेशन नीट बंद होते आणि पाठवले-घेतले दोन्ही शून्य: जोडणी आणि पासवर्ड ठीक आहेत, मेल तुमच्याच आउटबाउंडमध्ये (जाणाऱ्या मेलच्या फोल्डरात) किंवा हबच्या टॉसरमध्ये अडला आहे. या तिसऱ्या चित्रात पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. कॉल न होता नोड व्यस्त म्हणून वगळल्याची ओळ दिसली तर थेट पुढच्या भागातली लॉक फाइल पाहा.

लॉक फाइल: दहातले बहुतेक बिघाड इथेच सापडतात

बिंकली पद्धतीच्या आउटबाउंडमध्ये प्रत्येक नोडच्या फाइलींना त्याच्या पत्त्यावरून नाव मिळते. नेटचे चार आणि नोडचे चार असे आठ हेक्स अंक. १०० म्हणजे हेक्समध्ये ६४ आणि १ म्हणजे १, म्हणून हबच्या फाइलींचे नाव ००६४०००१. हबच्या यंत्रावर तुमच्या फाइली ००६४००१५ या नावाने असतात, कारण २१ म्हणजे हेक्समध्ये १५. एवढे गणित कागदावर मांडून यंत्राशेजारी चिकटवून ठेवा, सतत लागते.

मेलर किंवा टॉसर त्या नोडच्या मेलला हात लावतो तेव्हा ००६४०००१.बीएसवाय अशी रिकामी फाइल तयार करतो. अर्थ एवढाच की मी काम करतोय, दुसऱ्याने थांबावे. काम संपले की तो ती पुसतो. मधेच लाइट गेली तर पुसायला कोणी उरत नाही. लाइट आल्यावर टॉसरला ती फाइल दिसते आणि तो या नोडसाठी काही बांधत नाही. मेलरलाही दिसते, तोही त्या नोडला व्यस्त समजून वगळतो. दोघेही नियमाप्रमाणे वागत असतात, त्यामुळे लॉगमध्ये ठळक चूक अशी काही दिसत नाही. बीएसवायसोबत सीएसवाय नावाची फाइलही असू शकते. ती फक्त कॉलपुरती असते.

हाताने काढायची तर आधी मेलर आणि टॉसर दोन्ही थांबवा, मगच पुसा. चालू टॉसरची लॉक फाइल पुसली तर दोन प्रक्रिया एकाच बंडलात (मेलच्या गठ्ठ्याच्या फाइलीत) लिहितात आणि बंडल कुजते.

कायमचा उपाय दोन पातळ्यांवर करा. बिंकडीच्या कॉन्फिगमध्ये ‘किल-ओल्ड-बीएसवाय’ ही ओळ असते. नमुना फाइलीत ती १२ तासांची असते. मोठ्या हबला ते ठीक. दिवसात तीनदा लाइट जाणाऱ्या घरी १२ तास म्हणजे अख्खा दिवस मेल बंद. लहान नोडला १ तास पुरतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे यंत्र सुरू होताना, मेलर-टॉसर सुरू होण्याआधी, आउटबाउंडमधल्या सगळ्या बीएसवाय आणि सीएसवाय फाइली पुसणे. यंत्र नुकतेच सुरू झाले आहे, कोणतीच प्रक्रिया चालू नाही, तेव्हा सापडलेली प्रत्येक लॉक फाइल शिळीच असणार. सिस्टिमडीमध्ये त्यासाठी एक वन-शॉट (एकदाच चालणारे) युनिट करा, त्यात ‘फाइंड’ची एक आज्ञा ठेवा आणि मेलरचे व टॉसरचे युनिट त्याच्यानंतर चालेल असे लिहा. आउटबाउंड दुसऱ्या यंत्राशी वाटून घेतले असेल तर हे करू नका, त्या यंत्राचे काम चालू असू शकते.

अर्धवट आणि शून्य बाइटच्या फाइली

लॉक काढूनही मेल जात नसेल तर ००६४०००१.एफएलओ ही फाइल साध्या एडिटरात उघडा. तिच्या प्रत्येक ओळीत पाठवायच्या फाइलीचा पूर्ण मार्ग असतो. ओळीच्या सुरुवातीला ‘^’ असेल तर पाठवल्यावर फाइल पुसायची, ‘#’ असेल तर शून्य बाइटची करायची, ‘~’ असेल तर ती ओळ वगळायची. मार्गावरची फाइल खरोखर आहे का आणि तिचा आकार शून्य तर नाही ना, ते पाहा. एक्सटी४ फाइलप्रणालीवर नुकतीच लिहिलेली फाइल काही सेकंद फक्त मेमरीत असते. त्या सेकंदांत लाइट गेली की नाव उरते, आतला मजकूर जातो.

हीच गोष्ट आत येणाऱ्या मेलची झाली तर नुकसान जास्त. बिंकपी शिष्टाचारात फाइल पूर्ण मिळाली की तुमचा मेलर ‘मिळाली’ असा निरोप देतो आणि हब आपली प्रत पुसतो. निरोप गेल्यानंतर आणि कार्डावर मजकूर उतरण्याआधी लाइट गेली, तर ती फाइल कोणाकडेच उरत नाही. मध्येच तुटलेल्या सेशनची काळजी नको. पुढच्या वेळी मेलर राहिलेल्या बाइटपासून पुढे मागून घेतो. इनबाउंडमध्ये (येणाऱ्या मेलच्या फोल्डरात) शून्य बाइटचे बंडल दिसले तर मात्र हबच्या एरियाफिक्सला (एरिया, म्हणजे एकोमेलचे विषय, सुरू-बंद करणारा प्रोग्राम) रिस्कॅनची विनंती पाठवून तेवढ्या एरियांचे जुने संदेश पुन्हा मागवा. पैसे खर्च करायचेच असतील तर १२ व्होल्टची मिनी यूपीएस घ्या आणि तिच्यावर फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा) व राउटर दोन्ही ठेवा. पायला ५ व्होल्टची वेगळी सोय लागते. फक्त राउटर जिवंत ठेवून पाय बंद पडू दिला तर वरचे सगळे दुखणे तसेच राहते.

घड्याळ

पाय ४ आणि त्याआधीच्या पायांवर बॅटरीचे घड्याळ नसते. पाय ५ वर आहे, पण बॅटरी जोडली तरच ते चालते. लाइट आल्यावर पाय मिनिटभरात उठतो, चौकातल्या केबलवाल्याचा स्विच मात्र त्यानंतर बऱ्याच वेळाने उठतो. तोवर पायचे घड्याळ लाइट जाण्याच्या वेळेपाशी अडकलेले असते. या काळात टॉसर चालला की संदेशांवर जुनी वेळ पडते आणि लॉक फाइलचे वय काढण्याचे गणितही चुकते. म्हणून मेलर-टॉसरच्या युनिटमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन’ आणि ‘टाइम-सिंक’ या दोन टार्गेटनंतर सुरू हो असे लिहा, आणि ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सेवा चालू करा. ती बंद असेल तर टाइम-सिंकची अट नावापुरतीच राहते.

याच्याच जोडीला: संदेशातली ‘टीझेडयूटीसी’ ओळ (यूटीसीपासूनचा वेळेचा फरक) भारतासाठी ०५३० अशी लिहायची. पुढे अधिकचे चिन्ह लावायचे नाही. वजाचे चिन्ह मात्र लावतात.

बाहेरून कॉल का लागत नाही

लाइट आल्यावर राउटरला नवा आयपी मिळतो. डायनॅमिक डीएनएस अद्ययावत करणारी स्क्रिप्ट चालली नाही तर हब जुन्याच पत्त्यावर ठोठावत राहतो. होस्टनावाला आयपीव्ही६ची जुनी नोंदही असेल तर आणखी वाईट. हबचा मेलर आधी तिकडे जातो, वेळ संपेपर्यंत थांबतो आणि मगच आयपीव्ही४ला येतो. न चालणारी आयपीव्ही६ नोंद काढून टाका.

त्याआधी एक गोष्ट निश्चित करा. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी पाहा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या टप्प्यात असेल, किंवा बाहेरची साइट दाखवते त्यापेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटण्याची पद्धत) आहात. लहान शहरांतल्या फायबरवर आणि मोबाइल डेटावर हे अगदी सर्रास असते. मग पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये २४५५४ कितीही वेळा भरा, बाहेरून कॉल येणार नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. पोल करणारा नोड हा पूर्ण नोडच आहे. हबच्या सिसॉपला सांगून तुमच्या ओळीत होस्टच्या जागी ‘-’ टाकायला लावा, म्हणजे त्याचा मेलर उगाच कॉल करणार नाही, आणि तुमचा मेल ‘होल्ड’ (तुम्ही कॉल करेपर्यंत थांबवलेला) प्रकारात ठेवायला सांगा. तुमच्याकडून क्रॉनने दर २० मिनिटांनी पोल करा. ०, २०, ४० या मिनिटांना सगळेच करतात, तुम्ही ७, २७, ४७ धरा.

सीजीनॅट नसेल तर २४५५४ पोर्ट उघडा आहे का ते मोबाइल डेटावरून तपासा, घरच्या वायफायवरून नको. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे सगळे ठीक असूनही चाचणी फसते. टेलनेटने त्या पोर्टवर गेल्यावर सिस्टिमचे नाव, सिसॉपचे नाव आणि मेलरची आवृत्ती अशी वाचता येणारी अक्षरे दिसली की काम झाले. आयपीव्ही६वरून कॉल घ्यायचा तर बिंकडी १.१ लागते, १.० चालत नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्येही तेच पोर्ट उघडावे लागते.

नोंद चार ठिकाणी असते

इथून पुढे नवीन नोडचे दुखणे. हबशी तुमचे नाते चार ठिकाणी लिहिलेले असते: तुमच्या मेलरमध्ये, तुमच्या टॉसरमध्ये, हबच्या मेलर-टॉसरमध्ये आणि नोडलिस्टमध्ये (जाळ्यातल्या सगळ्या नोडांच्या यादीत). एका जागी दुरुस्ती केली आणि बाकीच्या विसरल्या की बिघाड पक्का.

मेलरमधली ओळ अशी: ‘नोड’, मग ९९:१००/१@डोमेन, मग होस्टनाव:२४५५४, मग पासवर्ड, मग मेलचा प्रकार ‘सी’ किंवा ‘-’. झोन लिहायचा राहिला तर मेलर तुमचा मूळ झोन धरतो. एकापेक्षा जास्त जाळ्यांत असाल तर मेल भलत्याच झोनच्या फोल्डरात जातो. मूळ झोन ९९ नसेल तर ९९ चा मेल ‘आउटबाउंड.०६३’ मध्ये जायला हवा, कारण ९९ म्हणजे हेक्समध्ये ६३. तिथे न जाता नुसत्या ‘आउटबाउंड’मध्ये पडत असेल तर टॉसर आणि मेलर यांचा मूळ झोन वेगवेगळा लिहिला गेला आहे. डोमेन आठ अक्षरांपर्यंत, बिंदूशिवाय. हब बिंदूसहित डोमेन पाठवत असेल तर बिंकडीत ‘एलियस-फॉर’ची एक ओळ घालून दोन्ही एकच समजायला लावता येतात.

इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या फिडोनेट नमुन्यांत आशियाचा झोन ६ दिसतो. तो २००७ च्या जुलैत बंद झाला आणि उरलेले नोड झोन ३ मध्ये गेले. ती कॉन्फिग जशीच्या तशी उचलू नका.

पासवर्ड हा स्वतंत्र विषय आहे, कारण ते एक नसून चार आहेत. सेशनचा पासवर्ड मेलर विचारतो. पॅकेटचा पासवर्ड टॉसर पीकेटीच्या (संदेशांच्या पॅकेट फाइलीच्या) शीर्षकात पाहतो. एरियाफिक्सचा पासवर्ड एरियाफिक्सला पाठवलेल्या नेटमेलच्या (एकालाच जाणाऱ्या खासगी संदेशाच्या) विषयाच्या जागी जातो. फाइली घेत असाल तर टीआयसीचा (फाइलीसोबत येणाऱ्या माहितीच्या फाइलीचा) वेगळा. पॅकेटच्या पासवर्डला शीर्षकात ८ बाइटच जागा आहे. बारा अक्षरी पासवर्ड चारही ठिकाणी टाकला की सेशन चालते आणि पॅकेट अडते. हबकडून मिळालेला पासवर्ड ८ अक्षरांपर्यंतचा, सगळा कॅपिटल आणि खुणांशिवाय असावा असा आग्रह धरा. सेशनला लांब पासवर्ड हवा असेल तर तो वेगळा ठेवा.

पासवर्ड कुठे चुकला ते फाइलीच सांगतात. एका बाजूला सेशनचा पासवर्ड आहे आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नाही, असे झाले तर सेशन तुटते किंवा असुरक्षित म्हणून चालते. असुरक्षित चालले की आलेले बंडल ‘इनबाउंड-नॉनसिक्युअर’ फोल्डरात पडून राहते आणि टॉसर त्यातला एकोमेल उचलत नाही. पॅकेटचा पासवर्ड चुकला तर एचपीटी ते पीकेटी ‘.सेक’ असे नाव देऊन बाजूला ठेवतो. पॅकेट तुमच्या पत्त्यावर नसेल तर ‘.एनटीयू’ म्हणून. तेव्हा इनबाउंडची यादी पाहिल्याशिवाय हबला ‘मेल येत नाही’ असे कळवू नका. मेल आलेला असतो, दारात अडवलेला असतो. दुरुस्ती झाल्यावर त्या फाइलींना पुन्हा ‘.पीकेटी’ नाव द्या आणि टॉस चालवा, संदेश परत मिळतात.

एकाच हबकडे तुमचे दोन पत्ते असतील तर दोन्हींचा सेशन पासवर्ड एकच ठेवा. मिस्टिकमध्ये दुसरा मार्ग आहे, एकोमेल नोडच्या पडद्यावर ‘हाइड एकेए’ (बाकीचे पत्ते लपवणे) चालू करायचे. मिस्टिकमध्येच एकोमेल जातो पण इतर नोडचा नेटमेल जात नाही असे झाले तर त्याच पडद्यावरचे ‘रूट इन्फो’ (कोणत्या पत्त्यांचा मेल या हबमार्गे जावा) रिकामे असते. त्यात ९९:* भरा.

नोडलिस्टची ओळ

ही ओळ तुम्ही लिहून हबला देता, म्हणून ती बिनचूक द्या. स्वल्पविरामाने वेगळे केलेले आठ भाग: प्रकार, नोड क्रमांक, बीबीएसचे नाव, गाव, सिसॉप, फोन, वेग, फ्लॅग (नोडच्या सोयींच्या खुणा). साध्या नोडचा प्रकार रिकामा असतो, पण त्यानंतरचा स्वल्पविराम हवाच. फोन नसेल तर त्या जागी ‘-अनपब्लिश्ड-’, आणि बाहेरून थेट कॉल घेता येत नसेल तर सुरुवातीला ‘पीव्हीटी’.

गावाच्या जागी ‘परभणी, महाराष्ट्र’ लिहिले की तो स्वल्पविराम एक भाग वाढवतो. मग महाराष्ट्र हे सिसॉपचे नाव होते, सिसॉपचे नाव फोन होते आणि फ्लॅग सगळे एक घर सरकतात. मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर आणि आत स्वल्पविराम कुठेच नाही, एवढे पाळा.

फ्लॅगांत होस्टनावासाठी ‘आयएनए:’ आणि बिंकपीसाठी ‘आयबीएन’. पोर्ट २४५५४ असेल तर नुसते ‘आयबीएन’, वेगळे असेल तर कोलन देऊन पोर्ट. फक्त आयपीव्ही६वर कॉल घेता येत असेल तर ‘आयएनओ४’ जोडा. सीजीनॅटमागे असाल तर ‘आयएनए’, ‘आयबीएन’ काहीच नको. ‘आयसीएम’ म्हणजे चोवीस तास इंटरनेटवरून मेल घेतो. भारनियमनाच्या भागात बॅकअप नसेल तर तो लावू नका, लोक त्यावर विश्वास ठेवून थेट कॉल करतात.

ठरावीक वेळच चालू राहत असाल तर ‘टी’ फ्लॅग आहे. त्यात दोन अक्षरे: सुरू आणि बंद, दोन्ही यूटीसीत. कॅपिटल ए म्हणजे ०:००, बी म्हणजे १:००, असे एक्सपर्यंत. लहान लिपीतले तेच अक्षर अर्धा तास पुढे. आपण साडेपाच तास पुढे असल्याने आपल्या पूर्ण तासांना नेहमी लहान अक्षर येते. सकाळी ६ ते रात्री ११ म्हणजे यूटीसी ०:३० ते १७:३०, म्हणून टीनंतर लहान ए आणि लहान आर.

हबने ओळ घेतली तरी ती लगेच सगळीकडे दिसत नाही. फिडोनेटची नोडलिस्ट दर शुक्रवारच्या तारखेची निघते आणि फाइलीला वर्षातल्या दिवसाचा क्रमांक असतो. तिच्यासोबत दर आठवड्याला फक्त बदलांची नोडडिफही येते. नोडडिफची पहिली ओळ जुन्या नोडलिस्टच्या पहिल्या ओळीशी जुळावी लागते. म्हणजे एक आठवडा चुकला की पुढची एकही डिफ लागत नाही, आणि हाताने नोडलिस्ट सुधारून सेव्ह केली तर सीआरसी (फाइल तशीच आहे का ते तपासणारा अंक) बिघडतो. दोन्ही वेळी उपाय एकच, हबकडून पूर्ण नोडलिस्ट मागवायची.

एवढे करूनही अडले तर हबच्या सिसॉपला लिहिताना या गोष्टी एकत्र द्या: तुमचा पूर्ण पत्ता डोमेनसह, अडलेल्या सेशनच्या लॉगच्या ओळी वेळेसह, इनबाउंडच्या दोन्ही फोल्डरांची आणि आउटबाउंडमधल्या ००६४०००१ने सुरू होणाऱ्या फाइलींची यादी आकारासह. पासवर्ड लॉगमध्ये दिसत असेल तर तो आधी खोडा. आणि त्यांच्याकडे ००६४००१५.बीएसवाय पडून आहे का, हेही विचारा. लाइट संभाजीनगरातही जाते.